लांब पायांचा घरकोळी: ओळखायचा कसा, आवरायचा कसा

छताच्या कोपऱ्यात उलटा लटकलेला, करड्या-पिवळट अंगाचा आणि अंगाच्या मानाने अवाच्या सवा लांब पायांचा कोळी ज्या घरात नाही, असं घर सापडणं कठीण. त्याच्यावर सहसा दोनच उपाय होतात: कुंच्याचा एक फटकारा, नाहीतर झुरळांसाठी आणलेल्या औषधाचा फवारा. थोड्याच दिवसांत जाळं पुन्हा त्याच कोपऱ्यात दिसतं, आणि मग औषध बदलून बघायचं. यात कोळ्याचा दोष कमी आणि आपल्या उपायाचा जास्त. हा प्राणी खातो काय, जागा कशी निवडतो आणि वाढतो कसा हे एकदा कळलं, की त्याला आवरायला औषध जवळजवळ लागतच नाही. लागतो लांब दांड्याचा कुंचा, एक टॉर्च, दिव्यांची थोडी फिरवाफिरव आणि दोनेक महिन्यांची चिकाटी.

आधी ओळख पटवा

या कोळ्याचं शास्त्रीय नाव फोल्कस फॅलँजिऑइडीस. १७७५ साली स्विस कीटक-अभ्यासक योहान फ्यूसली यांनी त्याची शास्त्रात नोंद केली. मुळात तो उबदार प्रदेशातला. माणसाच्या घरांमधून, सामानसुमानातून तो जगभर पसरला आणि आज थंड देशांतही तळघरांत, गॅरेजांत, न्हाणीघरांत आरामात राहतो. कडाक्याची थंडी त्याला सोसत नाही, म्हणून तिकडे तो जवळपास पूर्णपणे घरांवरच अवलंबून आहे. उष्ण प्रदेशांत त्याच्याच कुळातला क्रॉसोप्रायझा लायोनी हा भाऊबंद घरोघरी आढळतो. कित्येक घरांत तर तोच जास्त असतो. दोघांच्या सवयी सारख्याच, त्यामुळे पुढचं सगळं दोघांनाही लागू पडतं.

ओळखायला टॉर्च घ्या आणि प्रकाश समोरून न टाकता बाजूने, भिंतीला समांतर टाका. बारीक धागे तसेच दिसतात. आता अंगाकडे बघा. फोल्कसच्या मादीचं अंग साधारण ७ ते ८ मिलिमीटर लांब असतं, नर किंचित लहान. पाय मात्र अंगाच्या पाच-सहा पट, म्हणजे पसरलेल्या पायांसकट मोठी मादी ७ सेंटिमीटरपर्यंत जागा व्यापते. पोट लांबट, नळकांड्यासारखं. पुढचा भाग, म्हणजे डोकं आणि छाती मिळून झालेली तबकडी, फिकट आणि गोलसर असते आणि तिच्या मधोमध करडा डाग असतो. काहींना त्या डागात कवटी दिसते. क्रॉसोप्रायझाचं पोट वेगळं असतं: बाजूने पाहिलं तर ते चौकोनी वाटतं आणि मागच्या वरच्या टोकाला छोटं टोकदार उंचवट्यासारखं निघालेलं असतं. पायांवर बारीक गडद ठिपके आणि सांध्यांपाशी पांढरी कडी असतात.

अंग नीट दिसत नसेल तर जाळं बघा. गोल, चक्राकार, रेखीव जाळं हे या कोळ्याचं काम नाही. त्याचं जाळं म्हणजे धाग्यांचा विस्कटलेला गुंता, कधी किंचित छताला समांतर पसरलेला. कोळी त्याच्या खालच्या बाजूला पोट वर करून लटकलेला असतो. धाग्यांना चिकटपणा नसतो, तरी त्या गुंत्यात पाय अडकलेला किडा सुटायच्या आत कोळी लांबूनच मागच्या पायांनी त्याच्यावर धागे फेकतो आणि गुंडाळून टाकतो. लांब पायांचा हाच फायदा: शिकार कितीही खवळलेली असली तरी अंग तिच्यापासून दूर राहतं.

सगळ्यात खात्रीची खूण शेवटी. गवताची काडी किंवा कागदाची बारीक सुरळी घेऊन जाळ्याला हलकेच स्पर्श करा. कोळी पळून न जाता जागच्या जागी इतक्या जोरात गरागरा हलायला लागेल की त्याचं अंग धूसर दिसेल. काही सेकंदांनी तो शांत होतो. शत्रूला आपण नेमके कुठे आहोत हे कळू नये, म्हणून त्याची ही युक्ती. घरातल्या इतर कोळ्यांपैकी कुणी असं करत नाही, त्यामुळे हे दिसलं की ओळख पक्की समजा.

मादीच्या तोंडाशी फिकट रंगाच्या बारीक मण्यांचा घोस दिसला तर ती अंडी आहेत. हा कोळी अंड्यांभोवती जाड कोश विणत नाही. मोजक्या धाग्यांनी अंडी बांधून मादी ती जबड्यांत धरून फिरते. अंडी एका वेळी साधारण वीस-तीस असतात. आवरण इतकं विरळ की अंडी मोजता येतील. ही गोष्ट लक्षात ठेवा, साफसफाई करताना ती फार उपयोगी पडणार आहे.

दुसरा कुणी तर नाही ना?

लांब पाय दिसले की सगळेच एका नावात जमा होतात, आणि तिथेच गडबड होते. बागेत किंवा पालापाचोळ्यात दिसणारा, एकाच गोल मण्यासारख्या अंगाचा आणि लांब पायांचा जीव कोळीच नव्हे. त्याचं डोकं आणि पोट वेगळं दिसत नाही, तो जाळं विणत नाही आणि त्याच्याकडे विषही नाही. दिव्याभोवती घिरट्या घालणारा लांब पायांचा पंखवाला किडा माशीच्या जातीचा असतो. पंख आणि सहा पाय असले की प्रश्न मिटला.

घरातल्या इतर कोळ्यांपैकी भिंतीवरून रात्री धावणारा, हाताच्या पंजाएवढा पसरलेला, चपटा तपकिरी कोळी जाळं लावतच नाही. तो झुरळं पकडतो, आणि त्याची मादी पांढरी, चपटी, गोल अंडपिशवी अंगाखाली धरून फिरते. टुणकन उडी मारणारे बुटके, मोठ्या डोळ्यांचे कोळी तर दिवसाढवळ्या खिडकीत फिरतात. दोघांनाही जळमटांचा दोष देऊ नये. आणखी एक म्हणजे तपकिरी, फुगीर गोल पोटाचा, ५-६ मिलिमीटरचा कोळी. त्याचंही जाळं विस्कटलेलंच असतं, पण धागे चिकट असतात आणि त्यात कागदी वाटणाऱ्या तपकिरी बोंडासारख्या अंडपिशव्या लटकलेल्या दिसतात. याला आवरायचे उपाय जवळपास तेच आहेत. फरक एवढाच, की इथे पिशव्या शोधून वेगळ्या काढाव्या लागतात.

खरं जपायचं ते दोघांपासून. काळी चकचकीत, गोल पोटाची आणि पोटाच्या खालच्या बाजूला लाल डाग असलेली विधवा कोळीण हा एक. दुसरा रेक्ल्यूज नावाचा तपकिरी कोळी. त्याच्या पाठीवर व्हायोलिनच्या आकाराचा गडद डाग असतो आणि डोळे आठ नसून सहा, दोन-दोनच्या तीन जोड्यांत असतात. याच डागामुळे बिचाऱ्या फोल्कसला बरेचदा रेक्ल्यूज समजून मारलं जातं. पण रेक्ल्यूज कोपऱ्यात उघड्यावर उलटा लटकत नाही आणि जाळं हलवलं तर गरगरतही नाही. या दोघांपैकी कुणाची शंका आली तर हात न लावता स्पष्ट फोटो काढा आणि जाणकाराला दाखवा.

विषाबद्दलची जुनी अफवा

हा जगातला सगळ्यात विषारी कोळी आहे, पण त्याचे दात इतके आखूड की ते माणसाच्या कातडीत शिरत नाहीत, असं तुम्ही कुठे ना कुठे ऐकलं असेल. ही गोष्ट निव्वळ बनावट आहे, आणि तीही दोन्ही बाजूंनी. त्याचं विष सस्तन प्राण्यांवर अगदी सौम्य चालतं. दात छोटे आहेत हे खरं, पण चावणं अशक्य नाही. क्वचित चावलाच तर थोडी जळजळ होते आणि ती लवकर विरते. हा कोळी मोठ्या, भयंकर दिसणाऱ्या कोळ्यांनाही मारतो, त्यातून ही अफवा निघाली असावी. तो दुसऱ्या कोळ्याच्या जाळ्यात शिरतो, धागे असे थरथरवतो की जाळ्याच्या मालकाला किडा अडकल्यासारखं वाटावं, आणि मालक जवळ आला की त्यालाच गुंडाळतो. त्यासाठी विष जहाल असावं लागत नाही, पाय लांब असावे लागतात.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की या कोळ्याशी झगडा आरोग्याचा नाही, स्वच्छतेचा आणि डोळ्यांना खुपण्याचा आहे. म्हणूनच झोपायच्या खोलीत विषारी फवारे मारण्याइतकं त्याचं महत्त्व नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. उलट डास, माश्या, पतंग आणि इतर कोळी तो खातो. क्रॉसोप्रायझा तर डेंग्यू पसरवणारे डासही पकडतो. वापरात नसलेल्या खोलीत, माळ्यावर, गॅरेजात एखादा राहिला तर राहू द्यावा. मात्र तो डासांचा बंदोबस्त करेल अशी आशा ठेवू नये. तेवढं त्याचं पोट नाही.

जळमटं इतकी वाढतात का?

चक्राकार जाळी विणणारे बरेच कोळी जुनं जाळं खाऊन टाकतात आणि नवं विणतात. हा कोळी तसं करत नाही. जुन्यातच नवे धागे घालत जातो, जागा बदलली तरी मागचं जाळं तसंच टाकून देतो. त्यावर धूळ बसते आणि मग ते आपल्याला दिसायला लागतं. म्हणजे छतावर दहा ठिकाणी जळमटं दिसली तर दहा कोळी आहेत असं नाही, कदाचित दोनच असतील. शिवाय वाढताना हा कोळी पाच वेळा कात टाकतो आणि त्या काती, पायांसकट, जाळ्यातच लटकत राहतात. बरेच जण त्यांना मेलेले कोळी समजून खूश होतात. खरं तर ती मूल वाढत असल्याची खूण आहे.

ओलसर तळघरात किंवा कोठीत कधी पांढऱ्या कापसासारख्या बुरशीने वेढलेला मेलेला कोळी दिसतो. कुणी औषध मारलेलं नसतं. कोळ्यांवर वाढणारी ती बुरशी आहे, आणि त्या खोलीत दमटपणा फार आहे हे ती फुकटात सांगून जाते.

पहिली पायरी: कुंचा उचलण्याआधी घर तपासा

हा भाग सगळे टाळतात, आणि माझ्या मते निम्मं काम इथेच होतं. संध्याकाळी अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन घरभर एक फेरी मारा. छत आणि भिंत मिळतात ते कोपरे, कपाटाचं डोकं, पडद्याच्या दांड्यामागची जागा, पलंगाखाली, जिन्याखाली, सिंकच्या खालचं कपाट, न्हाणीघराची खिडकी, गिझरची मागची बाजू, पाण्याच्या पाइपांची भोकं, हे सगळं बघा. जाळं वर दिसलं नाही तरी खाली फरशीवर किंवा भिंतीवर गडद-पांढरे बारीक ठिपके आणि किड्यांचे वाळके पंख-पाय पडलेले असतील, तर वर बघा. ती त्याची विष्ठा आणि उष्टं आहे.

प्रत्येक ठिकाणी दोन गोष्टी लिहून ठेवा. कोळी प्रत्यक्ष आहे की नुसतं जुनं जळमट? आणि जाळ्याखाली कसले किडे पडलेत? दुसरं उत्तर पहिल्यापेक्षा मोलाचं. पतंग आणि पाकोळ्या असतील तर दिवा आणि खिडकी दोषी. मोरीतल्या केसाळ बारीक माश्या असतील तर मोरीच्या जाळीत साचलेला गाळ दोषी. डास असतील तर कुठे तरी पाणी साठलंय. मुंग्या असतील तर त्यांची वाट जवळून जाते. कोळी अन्न असेल तिथेच टिकतो. उपाशी पडला तर जागा सोडतो, किंवा आपल्याच जातभाईला खातो.

दुसरी पायरी: जळमटं अशी काढा की डाग उरणार नाहीत

उत्तम साधन म्हणजे लांब नळीचा व्हॅक्युम क्लीनर, पुढे अरुंद तोंड लावून. कोळी, जाळं, काती, अंडी सगळं एका झटक्यात जातं. काम झाल्याबरोबर पिशवी किंवा डबा घराबाहेर नेऊन रिकामा करा, नाहीतर आत वाचलेले कोळी नळीतून परत बाहेर येऊ शकतात.

व्हॅक्युम नसेल तर लांब दांड्याच्या कुंच्याला सुकं, मऊ, जुनं सुती फडकं गुंडाळा. ओलं फडकं इथे चालत नाही: धूळ लागलेला धागा ओल्याने रंगावर चोळला जातो आणि करडा पट्टा उमटतो, जो जळमटापेक्षा वाईट दिसतो. झटकूही नका आणि पुसूही नका. कुंचा जाळ्यात टेकवून दांडा बोटांत गोल फिरवा, म्हणजे जाळं फडक्यावर गुंडाळलं जाईल. आधी कोळी आहे त्या बाजूने सुरुवात करा, कारण धक्का बसला की तो धाग्यावरून खाली उतरून पळतो. वरून खाली या आणि फरशी सगळ्यात शेवटी झाडा. विष्ठेचे ठिपके भिंतीवर असतील तर सौम्य साबणाच्या पाण्यात पिळलेल्या मऊ स्पंजने हलक्या हाताने टिपून घ्या.

अंडी धरलेली मादी दिसली तर तिला आधी घ्या. या जातीत अंडी आईच्या जबड्यातच असतात, कुठे भेगेत दडवलेली नसतात. त्यामुळे एक मादी नेली की तिची सगळी पिल्लंही गेली. इतर बऱ्याच कोळ्यांच्या बाबतीत ही सोय नसते. अंडी फुटली असतील तर पिल्लं काही दिवस आईच्या जाळ्यावरच असतात. करड्या धुळीच्या कणांसारखी ती दिसतात आणि जाळं हलवलं की तीही थरथरतात. त्या अवस्थेत सगळं जाळं सावकाश, एकही बाजू न सोडता गुंडाळा.

पंखा, दिवे आणि मीटरची पेटी यांच्या आसपास काम करताना वीज बंद करा. धूर सूचक यंत्र असेल तर त्याच्या जाळीवरून मऊ ब्रश फिरवा, कारण आत कोळी शिरला की ते उगाचच वाजत राहतं. आणि खुर्चीवर स्टूल ठेवून चढू नका. या कोळ्यापायी कुणी जखमी झालंच, तर बहुधा असंच पडून.

तिसरी पायरी: पुन्हा पुन्हा, पण ठरवून

एकदा साफ करून थांबलात तर मेहनत वाया गेली. अंडी फुटायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी तीच फेरी पुन्हा मारा. नजरेतून सुटलेल्या मादीची पिल्लं पांगायच्या आत ती हाती लागतात. असं दोन महिने केलं की फरक ठळक जाणवतो. पिल्लाला मोठं व्हायला वर्षभराच्या आसपास लागतं आणि मोठा झालेला कोळी त्यानंतरही वर्ष-दोन वर्षं जगू शकतो. म्हणजे संख्या फार वेगाने वाढत नाही, आपण नियमित राहिलो तर आपणच पुढे असतो. दोन महिन्यांनंतर महिन्यातून एक फेरी पुरते.

रोज जाळं मोडलं तर कोळी कंटाळून निघून जातो, असं सांगणारेही भेटतात. त्यात तथ्य थोडं आहे, कारण रेशीम तयार करायला त्याला अन्न खर्ची घालावं लागतं. पण कोपऱ्यात किडे मिळत असतील तर तो शेजारच्या कोपऱ्यात बसतो, घर सोडत नाही. जाळं मोडण्यापेक्षा कोळी उचलणं केव्हाही बरं.

चौथी पायरी: त्याचं ताट काढून घ्या

सगळ्यात टिकाऊ फरक इथे पडतो. दाराबाहेरचा पांढराशुभ्र दिवा रात्रभर किडे गोळा करतो, आणि दार उघडलं की ते आत. तो दिवा शक्यतो दारापासून दूर लावा आणि उजेड दारावर पडेल असा वळवा. पिवळसर, निळा अंश कमी असलेला एलईडी बल्ब किड्यांना कमी खेचतो. पाकिटावर २७०० केल्विन किंवा त्याहून कमी आकडा असलेला घ्या. नको तेव्हा दिवा बंद ठेवणं हा त्याहून चांगला उपाय, आणि त्याला पैसेही पडत नाहीत. घरातले दिवे लावायच्या आधी पडदे ओढून घेतले तरी फरक दिसतो.

खिडक्यांना बारीक जाळी लावा, फाटली असेल तर दुरुस्त करा. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. जाळीने कोळ्याची पिल्लं अडत नाहीत, ती इतकी लहान असतात की आरामात आत येतात. जाळी त्यांच्यासाठी नाही, त्यांच्या खाद्यासाठी आहे. तसंच दाराखालच्या फटीला रबरी किंवा ब्रशची पट्टी लावा, पाइप भिंतीत शिरतात तिथलं भोक सिलिकॉनने किंवा सिमेंटने बुजवा, खिडकीच्या चौकटीच्या भेगा भरून घ्या. भिंतीला टेकून रचलेली लाकडं, खोकी आणि भिंतीला घासणाऱ्या वेली थोड्या दूर सरकवा.

मोरीची जाळी उचलून आतला गाळ ब्रशने घासून काढा. नुसतं जंतुनाशक ओतल्याने गाळातल्या अळ्या मरत नाहीत. कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागची पाण्याची वाटी, पिंप यांतलं पाणी आठवड्यातून एकदा रिकामं करा.

पाचवी पायरी: ओल आणि अडगळ

या कोळ्याचं अंग पातळ असतं आणि कोरड्या हवेत त्याला राहणं जड जातं. म्हणून तो न्हाणीघर, तळघर आणि कोठी धरून बसतो. गळका नळ दुरुस्त करा, आंघोळीनंतर खिडकी उघडी ठेवा किंवा हवा बाहेर फेकणारा पंखा चालू ठेवा. बंद कोठीत आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र ठेवलं तर अंदाज येतो. ६० टक्क्यांच्या खाली, जमलं तर ५० च्या आसपास ठेवता आली तर कोळीच नाही, बुरशी आणि कागद खाणारे बारीक किडेही कमी होतात. बाहेरची हवाच दमट असेल तिथे हा आकडा गाठणं अवघड, मग हवा खेळती ठेवण्यावर भर द्यावा.

अडगळीचं काय करायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. एवढंच सांगतो, की पुठ्ठ्याच्या खोक्यांऐवजी झाकण बसणारे प्लास्टिकचे डबे वापरा आणि सामान भिंतीपासून हातभर पुढे ठेवा, म्हणजे कुंचा मागे पोहोचतो.

फवारे आणि नुस्खे

भिंतीवर मारून ठेवायची कीटकनाशकं चालतात ती किडा त्यावरून चालतो, पायाला-पोटाला औषध लागतं आणि मग अंग साफ करताना ते तोंडात जातं म्हणून. हा कोळी भिंतीवर फारसा चालत नाही. तो बहुतेक वेळ स्वतःच्या धाग्यांवर लटकलेला असतो आणि भिंतीला टेकलीच तर पायांची टोकं टेकतात. त्यामुळे भिंत औषधाने न्हाऊन निघाली तरी त्याला फारसा फरक पडत नाही. थेट त्याच्या अंगावर फवारा मारला तर तो मरतो, पण मग जाळं काढायला कुंचा घ्यावाच लागतो. तो आधीच घेतला असता तर? धूर सोडणारे डबे तर कोपऱ्यांत आणि फटींत नीट पोहोचतही नाहीत.

तरीही औषध वापरायचंच असेल तर ते किड्यांसाठी, बाहेरच्या बाजूला, दार-खिडक्यांच्या चौकटींभोवती आणि लेबलवर लिहिलंय तेवढंच. पर्मेथ्रिनसारखी औषधं मांजरांना घातक असतात आणि माशांच्या टाकीजवळ तर ती मारूच नयेत. रॉकेल, पेट्रोल किंवा ब्लीच आणि इतर क्लीनर एकत्र करून मारण्याचे सल्ले मिळतात, ते धोकादायक आहेत. आग लागते किंवा विषारी वायू तयार होतो.

पुदिन्याच्या तेलाबद्दल नेहमी विचारलं जातं. २०१८ साली तीन जातींच्या कोळ्यांवर पुदिन्याचं तेल, लिंबाचं तेल आणि चेस्टनटची फळं तपासली गेली. पुदिना आणि चेस्टनटपासून काही जाती दूर राहिल्या, लिंबाच्या तेलाचा उपयोग दिसला नाही. त्या तीन जातींत आपला लांब पायांचा कोळी नव्हता. शिवाय वास उडून गेला की परिणामही गेला. घरात मांजर असेल तर हे तेलही जपूनच, कारण ते त्यांना बाधतं. प्लगमध्ये लावायची अल्ट्रासॉनिक (आपल्याला ऐकू न येणारा आवाज काढणारी) यंत्रं मात्र मी कुणालाच सुचवणार नाही. अशा यंत्रांचे दावे पुराव्याने सिद्ध करा, अशी ताकीद अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने २००१ मध्येच साठाहून जास्त उत्पादक-विक्रेत्यांना दिली होती.

चिकट सापळे या कोळ्यासाठी कुचकामी, तो सहसा खाली उतरत नाही. भिंतीच्या कडेला ठेवले तर जमिनीवर फिरणारे किडे कुठून येतात एवढं मात्र कळतं. पण त्यात पालीही अडकून तडफडतात, तेव्हा ठेवले तर रोज बघावे लागतात.

मारायचा नसेल तर

रुंद तोंडाची बरणी कोळ्याच्या खालून वर न्या आणि वरून जाड कागद सरकवा. तो घाबरून आपोआप आत उतरतो. चिमटीत पकडू नका: पाय सहज तुटतात, आणि कात टाकायचं वय उलटलेल्या कोळ्याला ते परत येत नाहीत. बाहेर सोडताना उघड्या अंगणात न सोडता शेड, गॅरेज किंवा छपराखालची जागा निवडा. गारठ्यात बाहेर सोडलं तर सोडणं आणि मारणं सारखंच.

चावलं असं वाटलं तर

साबण-पाण्याने धुवा, कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं ठेवा, खाजवू नका. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. रात्री उठलेला प्रत्येक लाल फोड कोळ्याचा नसतो. डास, ढेकूण आणि त्वचेचे जंतुसंसर्ग यांचं खापर कोळ्यांवर फुटतं, आणि त्यात खऱ्या संसर्गाचा उपचार लांबतो. लाली पसरत चालली, पू झाला, ताप आला तर डॉक्टरांना दाखवा. श्वास लागला, चेहरा सुजला किंवा पोटात-स्नायूंत तीव्र पेटके आले, तर वाट न बघता दवाखाना गाठा.

व्यावसायिक बोलवायचा झाला तर

दोन-तीन महिने नेमाने सफाई करूनही छत भरत असेल, किंवा विधवा कोळीण अथवा रेक्ल्यूजची शंका असेल, तरच पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलवा. ठरवण्याआधी तीन गोष्टी विचारा: कोळ्याची जात कोणती हे बघून सांगणार का, जाळी आणि अंडी काढून देणार की नुसतं फवारणार, आणि कोळी ज्या किड्यांवर जगतोय ते कुठून येतात हे शोधणार का. टॉर्च न काढता थेट पंप सुरू करणाऱ्याला काम देऊ नका. आणि टॉर्च घेऊन लिहिलेली तुमची ती यादी, कुठल्या कोपऱ्यात कोणते किडे पडले होते त्याची, त्याच्या हातात द्या. त्याचा निम्मा वेळ वाचेल.